लंडनला जाण्यापूर्वी दुसरा मजला

लंडनला जायचं तर आधी पासपोर्ट काढावा लागतो, हे झालं इतर लोकांचं. आमच्या बिल्डिंगमध्ये आधी दुसऱ्या मजल्यावर जावं लागे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या खोल्यांत काका राहायचे आणि त्यांना न विचारता कुणी लंडनला गेलं तर ते जाणं ते जमेस धरत नसत. तळमजल्यावरच्या सेक्रेटरींचा भाचा असाच परस्पर गेला. तिथे सहा वर्षं राहिला, नोकरी केली, लग्न केलं. काका मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "त्याला लंडन दिसलंच नाही."

काका स्वतः लंडनला कधीही गेले नव्हते. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही गौप्यस्फोट होईल या आशेने कुणी ताटकळायला नको. ही गोष्ट साऱ्या बिल्डिंगला माहीत होती आणि काकांना तिची तिळमात्र लाज नव्हती. मी एकदा कॉलेजच्या वयातल्या आगाऊपणाने त्यांना तसं तोंडावर विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बाळंतपणं करणारा डॉक्टर स्वतः कधी बाळंत होतो का गं?" काकू आतून म्हणाल्या की निदान तो दवाखान्यात तरी जातो. काकांनी ते ऐकलं नाही. काकूंचं न ऐकण्याचा त्यांचा तीस वर्षांचा सराव होता.

त्यांचं ज्ञान पाकिटांवरून आलेलं होतं. फोर्टातल्या एका कंपनीत ते जावक विभागात होते, म्हणजे ऑफिसातून बाहेर जाणारं टपाल त्यांच्या हातून जायचं. कंपनीचं मुख्य ऑफिस लंडनला. तीस वर्षं या माणसाने रोज लंडनचे पत्ते लिहिले, पार्सलं पांढऱ्या कापडात शिवली आणि त्यांना लाख लावली. तिकडच्या कुणा साहेबाने कधीतरी लंडनचा एक मोठा नकाशा भेट पाठवला, आणि तिथून काकांचा संसार बिघडला. इतरांच्या हॉलमध्ये जिथे देवाचं कॅलेंडर असतं तिथे काकांनी तो नकाशा लावला. गणपती स्वयंपाकघरात आणि राणीचं गाव हॉलमध्ये, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे मला कधी कळलं नाही.

सल्ल्याची फी एक पिक्चर पोस्टकार्ड. निघताना काका एक बंद पाकीट देत. ते तिथे पोचल्यावर फोडायचं, आत एक प्रश्न असायचा, आणि त्याचं उत्तर पोस्टकार्डावर लिहून धाडायचं. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर तीन दिवसांच्या मीटिंगला गेले होते. त्यांना प्रश्न आला की अमुक बागेच्या पश्चिम दारापासून टपालपेटी किती पावलांवर आहे. साधासुधा माणूस. मीटिंग अर्धी टाकून पावलं मोजत बसला. ते कार्ड मी पाहिलंय. एकीकडे राजवाडा, दुसरीकडे फक्त एवढंच: "एकशे बारा. पाय भिजले." काकांनी लाल पेन्सिलीने नकाशावर ती टपालपेटी काढली आणि आठवडाभर ते खुशीत होते.

सल्ले तसे व्यवहारी असत. लंडनमध्ये जगातलं सगळं मिळतं, फक्त टमरेल मिळत नाही, तेव्हा ते हातातल्या बॅगेत ठेवावं. हवेबद्दल बोलावं, पण हवा चांगली आहे असं म्हणू नये, लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. आपल्या पायावर कुणी पाय दिला तर 'सॉरी' आपण म्हणायचं. बसमध्ये चढताना, तिकीट घेताना आणि उतरताना असं तीन वेळा थँक्यू म्हणायचं. लोणच्याची बरणी आधी मेणकापडात, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि वरून जुन्या बनियनमध्ये गुंडाळायची. टमरेलाचा सल्ला इंजिनियरनीही पाळला होता. तिथल्या कस्टमवाल्याने ते बाहेर काढून हे कशासाठी असं विचारलं, तेव्हा त्यांना ऐनवेळी काही सुचेना आणि ते चहासाठी म्हणाले. त्या साहेबाने म्हणे एवढा चहा पिणाऱ्या माणसाकडे फार आदराने पाहिलं.

पण काकांचा जीव की प्राण म्हणजे सरकते जिने. लंडनच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांसाठी मोकळी सोडायची. हे अंगवळणी पडलं पाहिजे म्हणून काकांनी आमच्या सोसायटीच्या साध्या, न सरकणाऱ्या, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या जिन्यावर हाच नियम लागू केला. कुणी डाव्या बाजूला गप्पा मारत उभं दिसलं की काका वरून म्हणत, "उजवीकडे." तेवढंच. दूधवाला उजवीकडे उभा राहायचा. मोलकरीण उजवीकडे बसून भाजी निवडायची. जन्मात मुलुंडचा चेकनाकाही न ओलांडणाऱ्या माणसांनी पंधरा वर्षं घाईवाल्या इंग्रजांसाठी डावी बाजू मोकळी ठेवली. एकही इंग्रज आला नाही.

या लंडनपंडिताला मुंबई किती माहीत होती? मुलुंड स्टेशन आणि फोर्टातलं ऑफिस, एवढीच. एकदा गोरेगावला एका लग्नाला आम्ही बिल्डिंगमधली आठ-दहा माणसं निघालो आणि प्रवासाचे जाणकार म्हणून काका पुढे झाले. गोरेगाव स्टेशनबाहेर पडल्यावर ते जे तरातरा चालू लागले ते आम्ही एका सिनेमाच्या स्टुडिओच्या फाटकाशी पोचेपर्यंत. वाटेत पाच वेळा पानवाला लागला, रिक्षावाले लागले. काका कुणालाच विचारू देईनात, कारण लंडनमध्ये रस्ता फक्त पोलिसाला विचारतात. पोलीस काही दिसला नाही. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठली होती आणि नवरी सासरी निघाली होती. काकांनी आहेराचं पाकीट नवऱ्यामुलाच्या हातात ठेवलं आणि या गावाला काही पद्धतच नाही असं त्यालाच सुनावलं. मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाच्या हातात माझी आई सापडली.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. माझी थोरली बहीण, आमची ताई, लग्न होऊन लंडनला गेलेली. तिला दिवस गेले, सासर दूर सांगलीला, तिथे लंडनात तिचं दुसरं कुणी नाही. तिने तिकीट पाठवून आईला बोलावलं. मी घाटकोपरला बँकेत नुकतीच लागले होते, मला रजा मिळणं शक्य नव्हतं. आई सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचायची, आणि एकटीने केलेला तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे ठाण्याच्या मावशीकडे. तिला रात्र-रात्र झोप येईना. "हरवले तर गं?" एवढंच ती विचारायची. मी तिला धीर द्यायचे आणि मग स्वतः जागी राहायचे.

काका बोलावल्याशिवाय आले. बगलेत फाईल. रोज दुपारी चार वाजता शिकवणी, तीन आठवडे. सोसायटीच्या ऑफिसात टेबल होतं, त्यामागे काका गोरे अधिकारी होऊन बसत आणि आई पदर खोचून समोर उभी. हाऊ लाँग? थ्री मंथ. व्हाय? डॉटर, डिलिव्हरी. व्हॉट विल यू डू? इथे गाडी अडायची. काकांनी ठरवून दिलेलं उत्तर होतं 'नथिंग', कारण कामाला आलोय असं चुकून जरी म्हटलं तरी ते लोक आल्या विमानाने परत पाठवतात.

"पहिलटकरणीच्या घरी जाऊन नथिंग कसं म्हणू, भावजी?" आई म्हणाली. "डिंकाचे लाडू कोण वळणार, तो साहेब?"

"सगळं करा वहिनी. फक्त सांगू नका."

मग आईने नथिंग पाठ केलं. भांडी घासताना, देवापुढे दिवा लावताना तिचं नथिंग चालू. दुसरा पाठ त्याहून मोठा. विमानतळावर जावई दिसला नाही तर काय करायचं? काहीही करायचं नाही. पहिली रिकामी खुर्ची बघून बसायचं आणि आपलं माणूस येईपर्यंत उठायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. "हललेला माणूस हरवतो," काका म्हणायचे, "बसलेला सापडतो." आईला हे फार पटलं. मीही त्यात काही वावगं पाहिलं नाही. तेवढी अक्कल मला असती तर पुढचं टळलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी काका दाभण आणि जाड दोरा घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावरून मागून आणलेला एक लांब गरम कोट आई घालून जाणार होती. पत्त्याचं एक कार्ड तिच्या पर्समध्ये ठेवलेलंच होतं. तरी काकांनी पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईने ताईचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला आणि तो कोटाच्या आतल्या अंगाला शिवायला घेतला. बाहेरचा पत्ता फाटतो, भिजतो, पुसला जातो, म्हणून पार्सलाच्या आत नेहमी दुसरा पत्ता टाकायचा, ही त्यांच्या जावक विभागाची रीत. माझी आई म्हणजे काय पार्सल? आई खाली मान घालून उभी होती. तिला अपमान वाटत होता आणि बोलवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"काका, लाखेचं सीलही मारून टाका," मी म्हणाले.

त्यांनी टाका घालता घालता माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही, ते रजिस्टर टपालाला लागतं," ते म्हणाले आणि दोरा दातांनी तोडला.

दुपारचं विमान होतं. सारी बिल्डिंग एका मॅटाडोरमधून सहार विमानतळावर गेली, आईला हार घातला, पेढे वाटले. काकांनी शेवटची उजळणी घेतली. आई आत गेली आणि काचेपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत उजव्या बाजूने चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा-साडेअकराला सेक्रेटरींकडे फोन आला. बिल्डिंगमध्ये तो एकच फोन. ताईचा आवाज मला ओळखूच येईना. लंडनवर दाट धुकं होतं म्हणून विमान दुसऱ्याच कुठल्या शहरात उतरवलं. तिथून प्रवाशांना बसमध्ये घालून रात्रीतून लंडनला आणलं. बस आली, आई आली नाही. बसमधल्या एका गुजराती गृहस्थाने मेव्हण्यांना सांगितलं की एक माजी, म्हणजे वयस्क बाई, तिथेच खुर्चीत बसून होत्या. सगळ्यांनी उठा म्हणून सांगितलं, त्या उठेचनात. शेवटी विमान कंपनीच्या माणसाने तुम्हाला न्यायला कोण येणार, सामान कुठे आहे, असं विचारलं तर सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, नथिंग. तो कंटाळून गेला. त्या विमानतळाचा फोन लागत नाही, मेव्हणे धुक्यातून रेल्वेने तिकडे निघालेत आणि मी घरात एकटी आहे, असं म्हणून ताई रडायला लागली. नवव्या महिन्यात होती ती.

मी जिना चढले तो डाव्या बाजूने, दोन-दोन पायऱ्या. काका नकाशापुढेच उभे होते. मी सगळं सांगितलं. त्या शहराचं नाव सांगितलं. त्यांनी नकाशाच्या वरच्या कडेपर्यंत बोट नेलं आणि ते भिंतीवर गेलं. "हे माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

"तुम्ही तिला बसायला शिकवलंत," मी म्हणाले. "ती बसली. आता तीन महिने बसेल."

याहून वाईट मी कुणाला कधी बोलले नाही. ते बोलताना मला बरं वाटलं, हेही खरं आहे. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तो झटकला.

काका खाली गेले आणि सेक्रेटरींच्या दारात फोनशेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. काकूंनी ताट आणलं, ते झाकलेलं तसंच परत गेलं. फोन चालू आहे ना हे बघायला ते दर दहा मिनिटांनी रिसीव्हर उचलत, आणि तुम्ही उचलल्यावर लागणार कसा म्हणून सेक्रेटरी डोक्याला हात लावत. मी समोरच्या पायरीवर बसले होते. आम्ही दोघं दुपारभर एकमेकांकडे बघत नव्हतो.

दिवेलागणीच्या जरा आधी फोन वाजला. काकांनी तो कानाला लावला नाही. दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला आणि तसाच माझ्याकडे दिला.

आई सापडली होती. रात्रभर ती त्या खुर्चीत बसून होती. सकाळी झाडलोट करणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने तिला पाहिलं, काहीतरी विचारलं. आईने पर्समधलं कार्ड काढलं. पर्सला खेटून बॅगेत ठेवलेली लोणच्याची बरणी मेणकापड, दोन पिशव्या आणि बनियन या सगळ्यांना न जुमानता फुटली होती आणि कार्डावर पत्त्याच्या जागी तेल होतं. मग आईने परमुलुखात, भर विमानतळावर, परक्या बाईपुढे उभी राहून कोट काढला आणि उलटा करून दाखवला. बाईने बोट ठेवून पत्ता वाचला, तिला हाताला धरून फोनपाशी नेलं आणि नंबर लावला. मेव्हणे तासाभरात तिथे पोचत होते.

मी फोन ठेवून काकांना हे सगळं सांगितलं. वाटलं, आता हा माणूस निदान आठ दिवस तरी नाक वर करून हिंडणार. ते एवढंच म्हणाले, "टाके निघाले नाहीत ना?" मी नाही म्हटलं. मग ते उठले आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत वर गेले. कठडा डाव्या बाजूला होता.

नवव्या दिवशी ताईला मुलगी झाली, सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी. आई वेळेवर पोचली होती. मी काकांना बोलले त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. काही दिवसांनी त्यांच्या भिंतीवर लंडनच्या वर त्या दुसऱ्या शहराचा एक छोटा नकाशा लागला आणि मी त्यावरून त्यांची थट्टा केली. माझ्याकडून माफी निघाली ती एवढीच.

आई परत आली तेव्हा काका हारतुऱ्यांआधी पुढे झाले. त्यांनी तिला प्रवास कसा झाला हे विचारलं नाही, नात कशी आहे हेही विचारलं नाही. सरकत्या जिन्यावर लोक उजवीकडेच उभे राहतात ना, एवढं विचारलं. आई म्हणाली, हो, सगळेच्या सगळे उजवीकडे. काकांनी मान डोलावली आणि बाजूला झाले. रात्री आईने लंडनच्या गोष्टी सांगितल्या तेव्हा कळलं की तीन महिन्यांत ती घर आणि समोरची बाग यापलीकडे गेलीच नव्हती. सरकता जिना तिने डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. आईच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. मी छेडल्यावर म्हणाली, "तीन आठवडे शिकवलं गं त्या माणसाने. नाही कसं म्हणू?"

पुढे काका निवृत्त झाले. मग लंडनला जाणारी माणसंही त्यांच्याकडे येईनाशी झाली. जाणं आता इतकं अप्रूपाचं राहिलं नव्हतं, लोकांचे तिथे भाऊ होते, मेव्हणे होते. पाकिटं पडून राहिली. पुढे पुढे काका विसरायला लागले. आधी दुधाची पिशवी, मग आठवड्याचा वार. एकदा जिन्यात मला थांबवून त्यांनी डावीकडे उभं राहायला सांगितलं आणि मी हसले नाही. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे काकांवर नजर ठेवायला आम्हीच. एरवी ज्यांना शेजारी म्हणून हाक मारायची त्यांना आता सांभाळायचं होतं, आणि सांभाळून घ्यायला काका अजिबात सोपे नव्हते. मुलुंडला ते आता 'हे गाव' म्हणायचे.

एका सकाळी पोस्टात जाऊन येतो म्हणून गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. त्यांच्या खिशात कधीच काही नसायचं. बिल्डिंगमधली माणसं चहूकडे पांगली, कुणी ठाण्याकडे, कुणी भांडुपकडे, कुणी पोलीस चौकीत. मी बँकेतून धावत आले. आई गॅलरीत उभी होती. ती म्हणाली, "चालत नसतील ते. रस्ते कशाला बघता? बसायच्या जागा बघा."

मग आम्ही फक्त बाकं बघत निघालो. बागेतली, बसस्टॉपवरची, स्टेशनावरची. पश्चिमेला, रेल्वेच्या पलीकडे, एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर काका सापडले. दवाखाना दुपारचा बंद होता. मांडीवर पोस्टात टाकायचं पाकीट, पाठ ताठ, तोंड उन्हाने लाल झालेलं. सकाळपासून तिथेच होते असं शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला. पाणी दिलं तर घेतलं, पण घर कुठे आहे ते सांगता येईना.

मला बघून ते उठले नाहीत. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं हे मला कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मीच न्यायला आलेली बाई आहे असा अंदाज केला आणि म्हणाले, "मी हललो नाही."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि रडले. इस्त्रीवाला बघत होता, बघू दे. त्या रविवारी स्टुलावर बसलेल्या माणसाला मी माफीचा जो एक शब्द बोलले नव्हते, तो आता बोलून काही उपयोग नव्हता. तरी मी बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि हवा फार खराब आहे असं म्हणाले.

संध्याकाळी आई त्यांच्याकडे गेली. काकूंकडून तिने त्यांचे सगळे शर्ट मागून घेतले, पांढऱ्या कापडाच्या चौकोनी पट्ट्या कापल्या आणि न पुसणाऱ्या शाईने माझ्याकडून त्यांवर काकांचं नाव आणि आमच्या बिल्डिंगचा पत्ता लिहून घेतला. दाभण त्यांच्याच टेबलाच्या खणात होतं. काका नकाशाखाली खुर्चीत बसून तिचे टाके बघत होते. पहिला शर्ट झाल्यावर त्यांनी तो मागून घेतला, आतली बाजू बाहेर केली आणि पत्ता बोटाने ओळीओळीने वाचला. स्वतःचं नाव त्यांनी कुणा परक्याचं वाचावं तसं वाचलं.

"पिन कोड राहिलाय," ते म्हणाले. "असं जाणार नाही हे."

आईने टाके उसवले. मी शाईची बाटली पुन्हा उघडली. मी विचारायच्या आत काकांनीच आकडे सांगितले, सहाच्या सहा, न अडखळता, आणि मी ते लिहिले. त्यांनी पुन्हा एकदा सगळं तपासलं, समाधान झालं तशी पट्टी आईच्या हातात दिली.

"कुणाचं पार्सल आहे, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"आपलंच आहे, भावजी," आई म्हणाली आणि दाभणात दोरा ओवू लागली.